थंड पाण्यात कमरेपर्यंत

नळी काढली त्या सकाळी नर्स म्हणाली,
आता तुमचं तुम्ही.
मी पलंगावरून उठलो
आणि डाव्या मोज्यापर्यंत भिजलो.

एकतीस वर्षं मी स्नीकजवळचा पूल उचलला.
होडी आली की रस्ता थांबायचा:
ट्रॅक्टर, शाळेच्या सायकली, एकदा तर शववाहिका.
गळाच्या काठीला लाकडी बूट बांधून खाली सोडायचो,
त्यात टोलची नाणी पडायची.
काय कधी अडवायचं नि कधी सोडायचं
हे आता मला फार्डाऊ शिकवते.
वय एकोणतीस. हात नेहमी गरम.

पोट नाही आवळायचं, उबेले.
ढुंगणही नाही.
श्वास कोंडलात. चेहरा बघा, बीट झालाय.

मग आवळू तरी काय, बाई?

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली,
एप्रिलमध्ये तळ्यात उतरलाय ना कधी?
पाणी गुडघ्याला, मांडीला,
आणि मग त्याच्या जरा वर.
त्या क्षणी आतून जे वर ओढलं जातं, ते.

पोरवयापासून दर एप्रिलला
मी हे करत आलोय.
त्याला स्नायू म्हणतात, हे ठाऊक नव्हतं.

दहा मोजायचे. सोडायचं.
सोडणं म्हणजे अर्धा व्यायाम, ती बजावते,
घाईत सोडू नका.
दहा सावकाश, दहा झटपट,
आधी आडवं पडून, मग खुर्चीत, मग उभ्याने,
दिवसातून तीनदा.
पावाला लोणी लावताना.
चर्चमध्ये डोळे मिटायला सांगतात तेव्हा.
एवढी मेहनत, आणि कुणाला काही दिसत नाही.
फक्त येल्त्ये ताटावरून वर न बघता विचारते,
आत्ता करतोयस?
कसं कळलं?
भुवया.

पीठ मोजायचा काटा तिनेच पुढे केला.
चोवीस तासांचे पॅड एका पिशवीत,
त्यातून कोऱ्यांचं वजन वजा.
वही तिची जुनी, तेलकट कोपऱ्यांची:
साखरपाव, खडीसाखर दोनशे ग्रॅम, दालचिनी दोन चमचे.
त्याखाली तिच्याच अक्षरात
उबेले, चारशे बारा.
पुढच्या सोमवारी तीनशे नव्वद.
मग चारशे वीस, कारण मी लाकडं फोडली
आणि तिला सांगितलं नाही.

डिसेंबरात दुकानातल्या त्या रांगेपाशी
मी मोजे शोधत असल्यासारखा उभा होतो,
आणि समोर त्यालिंग. चाळीस वर्षांचा दोस्त,
एकाच होडीत आम्ही शिडं ओढली,
एकमेकांच्या पोरांची लग्नं लावली.
त्याच्या टोपलीत कांदे, बॅटऱ्या
आणि ते.
आम्ही दोघांनी बॅटऱ्यांकडे बघितलं.
बऱ्याच वेळाने तो म्हणाला,
हिरवं पाकीट घेऊ नकोस. सरकतं.

सहा वर्षं झाली होती त्याला.
सहा वर्षं हा माणूस
माझ्या प्रत्येक विनोदावर
पायावर पाय घट्ट टाकून हसला होता,
आणि मी समजत होतो, याची बसायची पद्धतच तशी.

शिंकेआधी आवळ, तो म्हणाला.
शिंकेनंतर नाही, आधी.
खुर्चीतून उठायच्या आधी, नातवाला उचलायच्या आधी.
हे फार्डाऊनेही सांगितलं होतं,
पण कांद्यांच्या टोपलीवरून ऐकल्यावर
ते डोक्यात शिरलं.

चौदाव्या आठवड्यात अडतीस ग्रॅम.
शून्य नाही.
शून्य येईल का, विचारलं, तर फार्डाऊ म्हणाली,
दहा मोजा.
संध्याकाळी, दमलो की, अजून गळतं.
बिअर दोन झाल्या की नक्की.
बिछान्यातल्या बाकीच्या गोष्टींविषयी
येल्त्ये आणि मी अंधारात बोललो एकदा,
ते या वहीत नाही.

एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी मी तळ्यावर गेलो.
सर्जनने हो म्हटलं होतं.
लव्हाळ्यात बदकं, तळाला चिखल, पाणी काळं.
गुडघे. मांड्या.
मग ते थंडगार, जरा वर,
आणि मी गावभर ऐकू जाईल असा ओरडलो.

काठावर टॉवेल घेऊन येल्त्ये.
आत्ता करतोयस?
नाही गं, म्हटलं,
हे आपोआप होतंय.